फितीवरील चौथाई

हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जी लहानशी कॅसेट लोकांपुढे ठेवली, तिच्या निर्मात्यांच्या मनात संगीताचा विचार दुय्यमच होता. साहेबाने पत्राचा मजकूर तोंडी सांगावा आणि कारकुनाने तो सवडीने ऐकून टंकित करावा, बातमीदाराने मुलाखत टिपून घ्यावी, फार तर घरातल्या बालकाचे बोबडे बोल जपून ठेवावेत, एवढ्या बेताची ती वस्तू होती. तिच्यातल्या फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि तिची चाल सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणशाळांतील फिती त्या काळी सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत, कोठे कोठे त्याच्याही दुप्पट. आणि फीत जितकी रुंद व जितकी वेगवान तितका आवाज निर्मळ, हा या विद्येचा पहिला सिद्धान्त असल्यामुळे, जाणत्या ध्वनिमुद्रकांच्या दृष्टीने कॅसेट ही प्रतिष्ठित संगीताच्या पंक्तीला बसण्यास अपात्र ठरली होती. पुढे वीस वर्षांच्या आत याच अपात्र फितीवर हौशी वादकांनी आपापल्या राहत्या खोल्यांतून संपूर्ण बँडचे ध्वनिमुद्रण सुरू केले, आणि तेवढ्याने समाधान न होऊन अशी दोन यंत्रे, किंवा एक फीतयंत्र आणि एक विजेवर ताल धरणारी पेटी, परस्परांच्या चालीत चाल मिळवून चालवण्याचा जो खटाटोप आरंभला, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. वरकरणी ती आवाजाची हकीकत दिसते; पण बारकाईने पाहू जाता तिच्यातला सगळा तंटा काळाचा आहे.

अनेक आवाज एकामागून एक मुद्रित करावेत आणि ऐकणाऱ्याला ते एकाच वेळी उठलेले वाटावेत, ही कल्पना कॅसेटहून वयाने वडील आहे. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल याने १९४८ च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकडीवर तबकडी चढवीत एकट्याच्या बळावर अनेक गिटारांचा मेळा उभा केला होता, आणि फितीचे युग सुरू झाल्यावर अँपेक्स कंपनीने १९५७ साली त्याला आठ ट्रॅकांचे एक यंत्र दहा हजार डॉलरांना बांधून दिले. त्या यंत्राचे मर्म आठ या आकड्यापेक्षा एका लहानशा युक्तीत होते. फीतयंत्रात मुद्रण करणारे हेड आणि मुद्रित आवाज वाजवून दाखवणारे हेड ही दोन निरनिराळी असत व त्यांच्यामध्ये बोटा-दोन बोटांचे अंतर असे. समजा ते अंतर चार सेंटिमीटर आहे आणि फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते आहे; तर आधीचे गिटार ऐकत दुसरे गिटार वाजवणाऱ्याचा आवाज फितीवर सुमारे एक दशांश सेकंद मागे पडणार, म्हणजे द्रुत लयीत ठोका उघड हुकणार. अँपेक्सच्या रॉस स्नायडर यांनी यावर असा तोडगा काढला की, आधीचे ट्रॅक ऐकण्याचे काम मुद्रणाच्याच हेडकडून करून घ्यावे, म्हणजे ऐकणे आणि लिहिणे फितीच्या एकाच बिंदूवर घडेल. याला सेल-सिंक म्हणत. एका फितीच्या पोटातला काळाचा तंटा अशा रीतीने मिटला. दोन फितींमधला मात्र तसाच राहिला.

जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ या नावाचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा चार ट्रॅकांचे ध्वनिमुद्रण प्रथमच साध्या कॅसेटवर उतरले. नेहमीच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना मिळून चार ट्रॅक असतातच, दोन जाताना आणि दोन परतताना. टीॲकच्या तंत्रज्ञांनी ते चारही एकाच दिशेने नेले, चाल दुप्पट करून सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर केली, आणि फितीची सळसळ दाबण्यासाठी डीबीएक्स नावाची व्यवस्था बसवली. परिणामी साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपू लागली आणि तिची दुसरी बाजू निरुपयोगी झाली, तरी त्या बदल्यात बगलेत मारून नेता येईल अशा एकाच पेटीत फीतयंत्रही आले आणि आवाजांचे मिश्रण करणारे मिक्सरही आले. फॉस्टेक्स, यामाहा इत्यादी कंपन्या लवकरच त्याच वाटेने आल्या. फॉस्टेक्सचे एक्स-१५ तर बॅटरीवरही चाले. पोर्टास्टुडिओ हे नाव टीॲकच्या मालकीचे, पण लोकांच्या तोंडी ते सगळ्या जातीचे नाव होऊन बसले.

चार ट्रॅक म्हणजे किती, याचा अंदाज बँडमध्ये बसलेल्यालाच येतो. ड्रम एका ट्रॅकवर, बेस दुसऱ्यावर, गिटार तिसऱ्यावर, गळा चौथ्यावर. झाले, घर भरले. दुसरा गळा, दुसरे गिटार, एखादी ऑर्गनची सुरावट यांना जागा हवी असेल, तर गळा भरण्याआधीच पहिले तीन ट्रॅक एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या तिघांवर नवा आवाज भरायचा, ज्याला ही मंडळी 'बाउन्स' म्हणत. बीटल्सने 'सार्जंट पेपर' हा आपला गाजलेला संग्रह १९६७ मध्ये चार ट्रॅकांच्या यंत्रांवर याच पद्धतीने तयार केला होता, हा दाखला घरगुती ध्वनिमुद्रकांच्या ओठांवर नित्य असे. पण लंडनची ती फीत एक इंच रुंद होती. कॅसेटवरील ट्रॅकच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जागा. तिच्यावर प्रत्येक बाउन्सबरोबर खरखर वाढे, झांजेची धार बोथट होई, आणि मुख्य म्हणजे एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करण्याची सोय राहत नसे. बेस थोडा मोठा झाला आहे हे चार दिवसांनी कळले, तरी तो हुकूम आता फिरत नसे.

अशा स्थितीत बँडमधल्या दोघांकडे दोन यंत्रे असतील, तर ती एकत्र जोडून आठ ट्रॅक का करू नयेत, हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक होते. अनेकांनी ते करूनही पाहिले: दोन्ही यंत्रांवर गाणे आरंभाला आणून ठेवायचे, एक-दोन-तीन म्हणून दोन्ही कळा एकाच क्षणी दाबायच्या. पहिल्या कडव्यापर्यंत सारे ठीक चाले. पण दोन यंत्रांच्या चालीत हजारात एक इतका जरी फरक असला, तरी तीन मिनिटांच्या गाण्याच्या अखेरीस तो १८० मिलिसेकंदांवर जातो, आणि मनुष्याच्या कानाला तीस-चाळीस मिलिसेकंदांपलीकडे एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू येऊ लागतात. लांबलेल्या दिंडीत पुढच्या टाळकऱ्यांचा ठेका आणि मागच्यांचा ठेका जसा हळूहळू फाटत जातो आणि मधल्या माणसाला दोन्ही ऐकू येतात, तशी त्या गाण्याची अवस्था होई. हजारात एक हा फरकही काही यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. रबरी पट्टा सैल पडतो, खोली तापते, एका चक्रीवरची फीत संपत आली की तिचा ताण बदलतो, आणि कॅपस्टनच्या दांड्यावर रबरी चाकाने दाबलेली फीत शेवटी घर्षणावरच चालत असल्यामुळे केसभर निसटतेही.

सिनेमावाल्यांना ही अडचण या स्वरूपात कधी पडली नाही, याचे कारण त्यांच्या फितीला भोके असतात. परळच्या राजकमल कलामंदिरात ध्वनिमुद्रक मंगेश देसाई संवाद, पार्श्वसंगीत आणि आवाज यांच्या निरनिराळ्या फिती एकत्र मिसळत, तेव्हा त्या साऱ्या फिती कडेला छिद्रे पाडलेल्या होत्या आणि दातेरी चाकांच्या हुकमतीत चालत. छिद्रामागून छिद्र मोजले जाई, निसटण्याचा प्रश्नच उरत नसे. कॅसेटच्या गुळगुळीत फितीला असे कोणतेही माप जन्मतः नाही. तिला छिद्रे पाडता येत नाहीत, तर निदान आवाजाची छिद्रे पाडावीत, म्हणजे एका ट्रॅकवर काळाच्या खुणा लिहून ठेवाव्यात, हा पुढच्या सगळ्या प्रयत्नांचा पाया आहे.

याचा सर्वांत प्रसिद्ध आरंभीचा प्रयोग पुन्हा त्या बीटल्स मंडळींकडेच जातो. १० फेब्रुवारी १९६७ रोजी 'अ डे इन द लाइफ' या गाण्यासाठी चाळीस वादकांचा ताफा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जमला, आणि चार ट्रॅक तर आधीच भरलेले. तेथील तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी पहिल्या यंत्राच्या एका ट्रॅकवर ५० हर्ट्झचा सूर भरला, म्हणजे ज्या वारंवारतेने इंग्लंडच्या घराघरांत वीज येते तोच सूर. आणि तो वाजवून, पुरेसा मोठा करून, त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली. पहिली फीत हळू झाली की तिच्यावरचा सूर खाली उतरे आणि त्यासरशी दुसरी मोटरही हळू होई. युक्ती देखणी होती, पण तीत एक उणीव राहिली होती. दोन्ही यंत्रांची चाल एक झाली तरी दोघांचा आरंभ एक करण्याचे काम हाताकडेच राहिले. फितीवर पेन्सिलीने खूण करून दोन्ही यंत्रे अदमासाने एकाच क्षणी सुरू करावी लागत. किती वेगाने चालावे एवढेच ५० हर्ट्झचा सूर सांगू शकतो. आपण गाण्याच्या कोणत्या ठिकाणी आहोत, हे तो सांगू शकत नाही.

ते सांगणारी लिपी अमेरिकेत तयार झाली, आणि तिचे मूळ अंतराळयानांच्या नोंदी काळवार लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संकेतांत होते. चलचित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या 'एसएमपीटीई' या संस्थेने तिला प्रमाणरूप दिले, आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरूनच तिला व्यवहारात 'सिम्टी' म्हणू लागले. चित्राच्या प्रत्येक चौकटीसाठी ८० अंकांची एक ओळ, तीत तास, मिनिट, सेकंद आणि चौकट यांची संपूर्ण नोंद, आणि ओळीच्या शेवटी १६ अंकांची अशी एक मोहोर की जिच्यावरून वाचणाऱ्याला ओळ कोठे संपली आणि फीत सुलटी चालली आहे की उलटी, हेही कळावे. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर २,००० अंक, ३० धरल्या तर २,४००. अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीने मात्र ३० ऐवजी २९.९७ चौकटींचा हट्ट धरल्यामुळे घड्याळ तासाला ३.६ सेकंद चुकू लागले, आणि ते जुळवण्यासाठी दर मिनिटाला, दहावे मिनिट वगळून, दोन चौकटींचे आकडे गाळण्याची एक प्रथा पडली, जिने घरगुती ध्वनिमुद्रकांचा कारण नसताना छळ केला. एका पेटीवर ३० ची कळ आणि दुसरीवर २९.९७ ची राहिली, तर होणारा फरक पुन्हा तोच, हजारात एक; ज्या रोगावर औषध आणले त्याच रोगाची लागण औषधातून व्हावी, तसला प्रकार.

आता हा टाइमकोड, म्हणजे सिम्टीच्या त्या ओळी, दोन्ही फितींच्या एकेका ट्रॅकवर भरला, म्हणजे दोन यंत्रांची रुजुवात घालण्यास सिंक्रोनायझर नावाचा एक तिसरा मध्यस्थ लागतो. तो पहिल्या यंत्राचा कोड वाचतो, दुसऱ्याचा वाचतो, दोहोंतली तफावत काढतो, मागे पडलेल्या यंत्राला आधी झपाट्याने योग्य ठिकाणी आणून उभे करतो, आणि मग कॅपस्टनची गती किंचित वाढवीत, किंचित घटवीत, दोन्ही आकडे एकमेकांवर बसेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाही. या लपंडावात काही सेकंद जातात, म्हणून गाण्याच्या आधी पुरेसा कोरा कोड सोडण्याची शिस्त पडली होती. परंतु घरगुती कॅसेटयंत्रांच्या बाबतीत हा मध्यस्थ बहुधा दारातच अडे. एक तर बहुसंख्य यंत्रांना बाहेरून गतीचा हुकूम घेण्याची सोयच नव्हती. पिचची एक खुंटी होती, पण ती माणसाच्या बोटांसाठी. दुसरे म्हणजे, फीत पुढे-मागे पळवताना कॅसेटयंत्राचे हेड मागे सरते, त्यामुळे पळत्या फितीवरचा कोड वाचता येत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टास्कॅमने, म्हणजे टीॲकच्याच व्यावसायिक शाखेने, २३८ हे आठ ट्रॅकांचे कॅसेटयंत्र काढले आणि त्याला सिंक्रोनायझर जोडण्याची सोय ठेवली, तेव्हा कॅसेट ते कॅसेट असा हा संबंध रीतसर शक्य झाला. पण तोपर्यंत बहुतेकांनी दुसरी वाट धरली होती.

त्या दुसऱ्या वाटेकडे जाण्यापूर्वी हिशेबाची एक बाजू पाहिली पाहिजे, कारण माझ्या मते याच हिशेबाने सारा निकाल लावला. टाइमकोड हा फितीवर जागा घेतो. चार ट्रॅकांपैकी एक त्याच्या नावे लिहून द्यावा लागतो, म्हणजे उत्पन्नाचा बरोबर चौथा हिस्सा. मराठ्यांची चौथाई याहून वेगळी नव्हती. आणि चौथाईच्या मागोमाग जशी सरदेशमुखी येई, तशी येथेही येई. टाइमकोडचा आवाज हा हजार-दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला, म्हणजे कानाला सर्वांत जास्त टोचणारा, कर्कश किचकिचाट आहे. अवघ्या चार मिलिमीटरांच्या फितीवर तो शेजारच्या ट्रॅकमध्ये पाझरल्यावाचून राहत नाही, त्यामुळे लगतच्या ट्रॅकवर नाजूक गळा किंवा साधे गिटार ठेवण्याची सोय नसे. तो मोकळा ठेवावा, किंवा त्यावर बेससारखे काही खर्जातले भरावे. कोड नेहमी चौथ्या, म्हणजे कडेच्या ट्रॅकवर टाकीत ते एवढ्याचसाठी की कडेला शेजारी एकच असतो, जरी फितीची कड चुरगळून कोड तुटण्याची धास्ती तेथेच जास्त. दोन यंत्रे जोडून आठ ट्रॅक झाले, दोन कोडला गेले, सहा उरले, त्यातले दोन साशंक. म्हणजे दुप्पट यंत्रे, तिसरा एक मध्यस्थ आणि चौपट डोकेदुखी करून निर्मळ असे चारच ट्रॅक पदरात पडावयाचे, जे एका यंत्रावर मुळात होतेच. मोठ्या स्टुडिओत हीच योजना सुखाने नांदली, कारण चोवीस ट्रॅकांची दोन यंत्रे जोडली तर दोन वजा जाऊन शेहेचाळीस उरतात. कर यंत्रामागे ठरावीक असल्यामुळे तो श्रीमंताला जाणवला नाही आणि गरीब त्यात बुडाला. जगातल्या अनेक करांचे असेच आहे, पण तो विषय वेगळा.

घरगुती बँडने शोधलेली दुसरी वाट अशी: मोटर असलेल्या दोन यंत्रांना एकमेकांच्या मागे धावायला लावण्यापेक्षा, जिला मोटरच नाही अशा पेटीला फितीच्या मागे धावायला लावावे. फीत चालवणाऱ्या मोटरला वजन आहे, जडत्व आहे, तिला वळवायला वेळ लागतो. ड्रम मशीनला यांपैकी काहीच नाही, तिला पुढचा ठोका कधी द्यायचा एवढे कळले की पुरे. रॉजर लिन यांचे एलएम-१ आणि रोलँडचे टीआर-८०८ ही दोन्ही ड्रम मशीन्स १९८० सालची. त्यांच्या मागोमाग आलेल्या अनेक स्वस्त पेट्यांवर 'टेप सिंक' नावाचे छिद्र असे. त्यातून दोन सुरांची आळीपाळीने होणारी एक किलबिल बाहेर पडे, ती चौथ्या ट्रॅकवर भरून घ्यायची. मग तीच किलबिल फितीवरून परत पेटीत सोडली की पेटी त्या ठोक्यांवर आपले ढोल वाजवी, फीत हळू झाली तर हळू, जलद झाली तर जलद. याचा लाभ असा की ढोल फितीवर मुद्रित करण्याची गरजच राहिली नाही. ते दर वेळी ताजे वाजत, मिक्स करताना थेट पेटीतून येत, त्यांना खरखर नाही, बाउन्स नाही. एक ट्रॅक काळाला दिला आणि त्या बदल्यात पेटीतून निघतील तितके आवाज फुकट मिळाले. चौथाईचा मोबदला प्रथमच चोख पावला.

या किलबिलीची खोड एवढीच की ती ठोके मोजी, ठिकाण जाणत नसे. तिसऱ्या कडव्यातील गिटार दुरुस्त करायचे असले तरी फीत प्रत्येक वेळी अगदी आरंभापासून चालवावी लागे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात सिक्वेन्शियल आणि रोलँड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली आणि वाद्यांनी परस्परांशी बोलण्याच्या मिडी या सामाईक बोलीचा अंमल सुरू झाला. मिडीच्या बोलीत ठोक्यांबरोबर गाण्यातला मुक्काम सांगण्याचीही तजवीज होती; ती किलबिलीत मिसळल्यावर पेटी गाण्याच्या मध्यावरही फितीला गाठू लागली. रोलँडच्या एसबीएक्स-८० सारख्या पेट्या फितीवरचा सिम्टी कोड वाचून त्याचे मिडीच्या ठोक्यांत भाषांतर करू लागल्या, आणि १९८७ मध्ये मिडी टाइमकोड प्रमाणित झाल्यावर काळाची ती नोंदच मिडीच्या तारेतून वाहू लागली. तीही एकरकमी जात नाही, हप्त्याने जाते: एका चौकटीच्या चौथ्या भागाला एक, असे आठ निरोप मिळून एक संपूर्ण वेळ सांगितली जाते, तोवर दोन चौकटी उलटून गेलेल्या असतात, आणि घेणाऱ्याने त्या मनात धरून चालायचे असते.

ही सर्व सामग्री हाती असतानाही प्रत्यक्ष कामात पथ्ये थोडी नव्हती. नवी, साठ किंवा नव्वद मिनिटांची क्रोम फीत घ्यायची. एकशेवीसची नाही, कारण तिची जाडी नऊ मायक्रॉनच्या आसपास, ती ताणते. फीत एकदा शेवटापर्यंत पळवून परत आणायची, म्हणजे गुंडाळी सारखी बसते. हेड आणि कॅपस्टन स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चौथ्या ट्रॅकवरचे डीबीएक्स बंद करायचे. ही व्यवस्था आवाजाचे चढउतार मुद्रित करताना निम्मे करते आणि वाजवताना दुप्पट करते. फितीवर धुळीच्या कणाने आवाज क्षणभर सहा डेसिबलने बसला, तर ती तो बारा डेसिबलने बसवते. गाण्यात हे चालून जाते. कोडमध्ये मात्र एक ओळ तुटते आणि ढोलकी वाटेतच गप्प बसते. टास्कॅमच्या कित्येक यंत्रांवर याचसाठी चौथ्या ट्रॅकपुरती वेगळी कळ दिलेली असे, आणि ती विसरलेल्याची अख्खी रात्र वाया जाई. कोड भरताना सुई फार वर गेली की पाझर वाढतो, फार खाली राहिली की पेटीला ऐकू येत नाही. मधली जागा ज्याची त्याने आपल्या यंत्रावर शोधायची. गाण्याआधी काही सेकंद, नंतर काही सेकंद जास्तीचा कोड सोडायचा, आणि एकदा भरलेल्या त्या ट्रॅकला पुन्हा हात लावायचा नाही. एवढे झाल्यावर बँडने गाण्याला सुरुवात करायची. उत्साहाने जमलेली चार माणसे तोवर चहा पिऊन कंटाळलेली असत, हेही खरे.

आणि गंमत अशी की, या यंत्रावरचे जे काम सर्वांत टिकून राहिले, त्यात या विद्येचा मागमूसही नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथे, भाड्याने घेतलेल्या घरात, टीॲक १४४ वर दोन मायक्रोफोन लावून काही गाणी मुद्रित केली, ती पुढे आपल्या बँडकडून नीट वाजवून घेण्यासाठी केलेला कच्चा खर्डा म्हणून. ती कॅसेट त्याने डबीशिवाय खिशात घालून कित्येक दिवस वागवली. मोठ्या स्टुडिओत बँडसह ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण मनास येईनात. अखेर तो खर्डाच, त्याच कॅसेटवरून, 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी ३० सप्टेंबरला प्रसिद्ध झाला. एक माणूस, एक गिटार, कोठे माउथ ऑर्गन, कोठे दुसरा गळा: चार ट्रॅक त्याला पुरून उरले. यावरून साधेपणाचे माहात्म्य गाणारे पुष्कळ निघाले, पण मला ते पटत नाही. एकट्या गायकाला चार ट्रॅक पुरतात म्हणून पाच जणांच्या बँडला ते पुरावेत असे नाही. आणि ज्यांना दुसऱ्या यंत्राची गरज पडली, त्यांची गरज खोटी नव्हती.

ती गरज पुरवली गेली, पण कॅसेटकडून नव्हे. अमेरिकेच्या अलेसिस कंपनीने १९९१ च्या आरंभी एडॅट या यंत्राची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ते लोकांच्या हाती पडले. ते आठ ट्रॅक अंकरूपाने व्हिडिओच्या सुपर व्हीएचएस फितीवर लिही, आणि काळाची नोंद फितीवर आपली आपणच ठेवी. एक तार जोडली की दुसरे एडॅट त्याच्याशी बिनचूक मिळे, आणि अशी सोळा यंत्रे मिळून १२८ ट्रॅक होत. एकही ट्रॅक कोडला द्यावा लागत नसे. किंमत चार हजार डॉलरांना पाच कमी, म्हणजे लेस पॉलच्या आठ ट्रॅकांपेक्षा, पस्तीस वर्षांचा रुपयाचा आणि डॉलरचा घसारा न धरताही, निम्म्याहून स्वस्त. चौथाई जी उठली ती अशी, एका फटक्यात. टास्कॅम त्यानंतरही दहा-बारा वर्षे कॅसेटचे पोर्टास्टुडिओ काढीत राहिले, पण ते शिकाऊ मुलांसाठी आणि गाण्याचे खर्डे करणाऱ्यांसाठी. दोन कॅसेटयंत्रे जोडण्याचा प्रश्न त्यांच्या गिऱ्हाइकांना पडेनासा झाला होता.

आज त्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे, आणि त्यात या कहाणीतला एक शेष विचित्र रीतीने वर येतो. दोन यंत्रांवर, हाताने कळ दाबून, जोडलेले गाणे असेल तर ते आता सुटते. दोन्ही फिती संगणकात घ्याव्यात आणि फाटलेले ठोके पडद्यावर पाहून, कोठे ओढून कोठे दाबून, एकावर एक बसवावेत, यंत्रांना जे साधले नाही ते उंदराच्या चार टिचक्यांत साधते. ज्यांनी विद्या शिकून, पथ्ये पाळून, चौथ्या ट्रॅकवर कोड भरला त्यांची मात्र पंचाईत आहे. त्यांच्या फितीवर गळा आहे, गिटार आहे, बेस आहे, आणि चौथ्या ट्रॅकवर तो किचकिचाट शाबूत आहे, तारखेबरहुकूम, एकही ओळ न गाळता. पण ज्या ढोलांसाठी तो भरला ते फितीवर कधी चढलेच नव्हते. ते त्या पेटीच्या स्मरणात होते, ती पेटी केव्हाच विकली गेली किंवा तिची बॅटरी संपून ते पुसले गेले. एखाद्याने त्या वेळी पेटीतला तालाचा आराखडा दुसऱ्या एका कॅसेटवर उतरवून ठेवला असेल, कारण तशीही सोय काही पेट्यांना होती, तर तेवढी कॅसेट आणि त्याच जातीची एक चालू पेटी मिळवावी लागते. नसेल तर सांगता येण्याजोगे एवढेच की, काळाच्या खुणा सेकंदाच्या कोणत्या भागावर पडत होत्या याचा पुरावा आहे, त्यांवर ढोल कोणते वाजत होते याचा नाही.